पुसता येईल असा लॅपटॉप

दुकानात मी तासभर लॅपटॉप पारखत होतो. आतली सिस्टीम पुसून लिनक्स घालायचं होतं, म्हणून प्रत्येकाला माझा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बघत होतो. एकाने वायफाय पकडलं नाही, तो बाजूला सारला. दुसऱ्याने सगळं मुकाट्याने घेतलं. पारखणाऱ्याला शेवटी एवढंच हवं असतं.

"त्याचं आधीचं काहीच राहणार नाही?" बायकोने विचारलं.

"कशाला हवं? आता आपल्याकडे यायचंय."

तिने त्याचा खोका उचलला. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने मी तिचं नवं नाव लिहिलं होतं. तिला आवडलं का, हे विचारलं नव्हतं.

परतताना रिक्षात खोका मांडीवर धरून ती म्हणाली, "बरंय त्याचं. त्याला आठवणार तरी नाही."

तिचं आधीचं नाव आठवायला मला दोन सिग्नल लागले.