सुभेदारांना देवचार लागला नव्हता

सुभेदार बसमध्ये चढले की कंडक्टर मुद्दाम विचारायचा, “सुभेदारानूं, खंय?” ते परेडच्या आवाजात सांगायचे, “डोक्याच्या दोतोरागेर! म्हापसा एक दी.” एकदा मागून कुणीतरी म्हणालं, “परतीचं नको काढू.” सुभेदार वळले. “तिथं ठेवून घेत नाहीत रे. तुझ्यासाठी विचारून बघू?” सगळी बस हसली.

गोळीसुद्धा ते चारचौघांत घ्यायचे. धारगळच्या नाक्यावर चहात पावाचा उंडा बुडवून खायचे आणि गोळी टाकायचे. कुणी टक लावून बघितलं तर म्हणायचे, “गुडघ्याची गोळी तू टेबलावर ठेवतोस. ही काय मी चोरून आणली?”

त्यांचा हा उघडेपणा कुठून आला, ते मला ठाऊक आहे. आम्ही एकाच पलटणीतले, घरंही शेजारी. सीमेवर त्यांची झोप गेली. दाराकडे पाठ करून जेवेनात, साधी हाक मारली तरी अंगावर येत. त्यांना लष्करी इस्पितळात ठेवलं, तेव्हा मी रजेवर होतो. वहिनी म्हणाल्या, “भावजी, लोकांना काय सांगू?” मी म्हटलं, “देवचार लागला म्हणा.” आमच्याकडे गावची वेस राखणाऱ्या देवचाराला कुणी हसत नाही, वेड्याला हसतात. गावाने वेशीवर रोट ठेवला, फेणी ठेवली, गाऱ्हाणं घातलं. अब्रू राखली, असं मला वाटलं.

बरे होऊन आले ते सरळ माझ्या अंगणात. “गोळीबारात तू माझ्या शेजारी होतास. देवचार कुठे होता रे? उद्या दुसऱ्या जवानाला हेच झालं, तर तोही वेशीवर रोट ठेवीत बसेल.” मग हसले. “आणि फेणी सगळी त्यालाच दिलीत!”

त्यानंतर ते आयुष्यभर खरं सांगत राहिले. लोक ऐकून हळूच माझ्याकडे बघायचे. मी ‘बोलू दे त्यांना’ अशी खूण करायचो. झोप माझीही गेली होती, आणि ते मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

यंदा चतुर्थीनंतर सुभेदार गेले. बाराव्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, “देवचाराने छळलं, पण माणूस सोन्यासारखा.” समोर त्यांचा पुतण्या, फौजेतून रजेवर आलेला नाईक, जेवायचा थांबून ऐकत होता.

“देवचार नव्हता,” मी म्हटलं. “आजार होता. औषधाने आटोक्यात राहिला. देवचार मी रचला.”

हात धुताना पुतण्या जवळ येऊन कुजबुजला, “काका, तो दोतोर अजून आसा?”

“आसा,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “उद्या दोघं जाऊया. मलाही दाखवायचं आहे.”