सुजाताचं चिनी वर्ष

मिलिंदचा, सुजाताच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या सुपरमार्केटात दुधाच्या फ्रिजसमोर उभी होते. "सुजाता गेली," एवढंच तो म्हणाला. मी "हो" म्हटलं, दूध घेतलं, पैसे दिले, घरी आले... आणि पिशवी ओट्यावर ठेवून तिथेच फरशीवर बसले. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुजाता आणि मी हूफडॉर्पच्या ऑफिसात नऊ वर्षं शेजारी बसलो. ती नागपूरची. शाळामास्तर असलेल्या तिच्या वडिलांनी घरात बुद्धवंदना आणली, कपाटं भरून पुस्तकं आणली, पण पत्रिका उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. माझ्या बोटातला पुष्कराज बघून ती विचारायची, "हा किती वॉटचा गं?"

गेल्या वर्षी चिनी नववर्षाला आमच्या टीममधल्या मेईनं जेवणाच्या टेबलावर एक छापील तक्ता ठेवला. जन्मवर्षाचा प्राणी, त्याचा स्वभाव, त्याची प्रकृती. सुजाताचं वर्ष बैलाचं निघालं. मी मोठ्यानं वाचलं: प्रकृती दणकट, क्वचितच आजारी पडतो, दुखणं अंगावर काढतो. "अंगावर काढतो म्हणजे कौतुकच की!" ती म्हणाली आणि चक्क त्या तक्त्याचा फोटो काढून घेतला. वडिलांची मुलगी एका कागदावर खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

पानगळ सुरू झाली तसा तिचा डबा अर्धा परत जायला लागला. पाठीत कळ यायची तेव्हा ती खुर्चीची कड घट्ट धरायची. "हाउसआर्ट्सला दाखव," मी म्हणायचे. इथे काहीही झालं तरी आधी या फॅमिली डॉक्टरकडेच जावं लागतं. "तो पॅरासिटामॉल देणार. आणि मी बैल आहे, मला काही होत नाही." मी हसले. एकदा नाही, बऱ्याचदा हसले. त्या हसण्याची आता मला किळस येते.

डॉक्टरकडे ती गेली ती थेट जानेवारीत, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, डोळे पिवळे दिसायला लागल्यावर. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. ऑपरेशनचा विषयच डॉक्टरांनी काढला नाही.

हॉस्पिटलमध्ये मेई माझ्याबरोबर आली. कपाटावर वाढदिवसाची कार्डं अजून उभी होती. ती बघून मेई थबकली. "तुझा जन्म जानेवारीतला? मग तू बैल नाहीस. आमचं वर्ष त्यानंतर सुरू होतं. तू आधीच्या वर्षातली... उंदीर."

"उंदराच्या प्रकृतीचं काय लिहिलंय?" सुजातानं विचारलं.

मेईला बोलून चुकल्यासारखं झालं होतं. "फार काळजी करतो. धावपळ करतो. पोट जपायला हवं."

मग सुजाता माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "हे बाबांना सांगू नकोस. कॅन्सरचं त्यांना सांगितलंय... पण मी असला कागद मानत होते, हे नको."

मेई कॉफी आणायला गेली तेव्हा मी रडले. मी हसायला नको होतं, तुला ओढत न्यायला हवं होतं, असं काहीतरी बोलत राहिले. तिनं मला थांबवलं. "मानत वगैरे नव्हते गं. मला सप्टेंबरपासून भीती वाटत होती. कागद बरा पडला." मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर ती तीन महिने होती. शेवटचे दहा दिवस घरी, बैठकीच्या खोलीत लावलेल्या पलंगावर. वडिलांना विमानप्रवास झेपणारा नव्हता. त्यांनी व्हिडिओवरून त्रिशरण, पंचशील म्हटलं. मध्येच आवाज अडकला तेव्हा इंटरनेट गेलं असं आम्हाला वाटलं. गेलं नव्हतं.

परवा मिलिंदकडे गेले होते. इरा, त्याची आणि सुजाताची पंधरा वर्षांची मुलगी, शाळेतून आली ती आईच्या सायकलवरून. तिची स्वतःची सायकल शेडमध्ये धडधाकट उभी आहे. ती आईपेक्षा वीतभर उंच, त्यामुळे पॅडल मारताना गुडघे पार हँडलपर्यंत येत होते. मिलिंद पाना घेऊन बाहेर आला. "थांब, सीट वर करून देतो."

"नेय, बाबा," ती डचमध्ये म्हणाली, आणि मग मराठीत, जे ती सहसा बोलत नाही, "नको. आईची आहे तेवढीच राहू दे."

मिलिंद पाना हातात धरून तसाच उभा राहिला. तिनं सायकलला कुलूप लावलं, सीटवरचं पाणी बाहीनं पुसलं आणि आत गेली.