एका शनिवारात स्पॅनिश अक्षरं

मेक्सिकोच्या प्लांटवर तीन महिने पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनची ट्रेनर म्हणून कोण जाणार, असं साहेबांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. मानेसरच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली, परदेश विमानतळाबाहेरूनच पाहिलाय. अट एकच: तिथल्या कामगारांना सूचना स्पॅनिशमध्ये वाचून दाखवता आल्या पाहिजेत. म्हणून शनिवारी दिल्लीला निघाले, एक दिवसाच्या उच्चारवर्गाला.

जाणाऱ्यांनी सातच्या आत निघावं, नंतर हायवे तुंबतो. मेट्रोपर्यंत शेअर ऑटो, साठ रुपये. पुढे यलो लाइन, राजीव चौकला गाडी बदलून मंडी हाउस.

शिकवणाऱ्या कपूर मॅडम साठीच्या, आवाज खणखणीत. H लिहायचा, बोलायचा नाही. J घशातून, खाकरल्यासारखा. B आणि V चा उच्चार एकच. T म्हणजे आपला साधा त. गुरुग्रामच्या ऑफिसांतली पोरं त्याचा ट करत बसली; मी सगळं देवनागरीत उतरवलं नि सुटले.

"आप तो बिल्कुल वहीं की लगती हैं," मॅडम म्हणाल्या. मी फुलले, खोटं कशाला बोलू?

जेवण कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कॅन्टीनमध्ये. "भाकरी संपली ताई, पोळी चालेल?" हे वाढप्याकडून मराठीत ऐकूनच पोट निम्मं भरलं. आमटी जरा गोड होती.

दुपारी परीक्षा. तिकडच्या प्लांटचं सुरक्षेच्या नियमांचं पान मी न अडखळता वाचलं. पास. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "सोमवारी व्हिसाचे कागद द्या."

पाचला घरी पोचले. नवऱ्याला, प्रशांतला, पान वाचून दाखवलं.

"झकास. म्हणजे काय?"

"काय माहीत."

"अगं, मग तिथे कुणी काही विचारलं तर?"

मला रागच आला. पण रविवारी सकाळी शब्दकोश घेऊन बसले. पाचव्या ओळीला अर्धा तास गेला. मशीन पूर्ण बंद झाल्याशिवाय हात आत घालू नका, शंका असल्यास आधी ट्रेनरला विचारा.

ही ओळ मी वर्गात सगळ्यात सुरेख वाचली होती. प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

सोमवारी साहेबांना सांगितलं, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. फार वाईट वाटलं, वॉशरूममध्ये जाऊन रडून घेतलं. साहेबांना कारण कळेना.

"अहो, पण तुम्ही तर पास झालात ना?"

"वाचण्यात," मी म्हटलं. "शंका आली तर तिथले कामगार मला विचारणार होते."