मलकापूरच्या डॉक्टरच्या शिव्या

आमच्या मलकापूरच्या डॉक्टरएवढा तोंडाळ माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि माझा त्याच्यावरचा राग अजून गेला नाही. दवाखान्यात पाय ठेवला की सुरू: काऊन बे, मेल्यावर यायचं होतं काय? पाटील असो की हमाल, सगळ्यांले एकच माप. बोटाचं थेंबभर रक्त काचेवर पसरायचा, जांभळा रंग द्यायचा आणि खिडकीच्या उजेडात दुर्बिणीले डोळा लावून बसायचा. मानेत, काखेत गाठी वाढायचा रोग असला तर रक्तातले बारके गोल दाणे मोजायचा. ते भरपूर असले तर माणूस तग धरतो, ते विरळ होऊन दुसरेच माजले तर नाही, असं त्याचं म्हणणं. पण निकाल कधी तोंडानं सांगत नसे. रक्त बरं असलं तर शिव्या तशाच चालू. वाईट असलं तर हा राक्षस एकदम पुण्याचा होई, आदबीनं "बसा, चहा घ्या" म्हणे. सारा बाजार हे ओळखून होता. एका अडत्याले त्यानं चहा विचारला तर तो तिथंच रडायले लागला. तो नुसता वर्गणी मागायले आला होता.

माझ्या बायकोच्या मानेले लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा धामणगाव बढ्याहून तिले बसनं नेलं. रक्त पाहून त्यानं तिले इतकं झापलं की मी काठी उचलली. ती पदराआड हसत होती. "देऊ द्या हो," म्हणे, "कानाले गोड लागून राह्यल्या." परतताना तिनं स्टँडवर भजी खाल्ली.

कापूस वेचणीच्या दिवसांत पुन्हा गेलो. तो काचेवर लय वेळ वाकून राह्यला. मग उठला आणि स्वतःच्या रुमालानं स्टूल पुसलं. "बसा बाई. चहा घेणार ना आपण?"

माझं डोकं फिरलं. त्याची कॉलर धरली. "तिले शिव्या दे बे. पहिल्यासारख्या दे."

त्यानं तोंड उघडलं. "काऊन वं..." एवढंच निघालं.

ती म्हणाली, "राहू द्या, डॉक्टरसाहेब. साखर जास्त टाका." सारा कप तिनं पिला.

थोड्याच दिवसांत ती गेली. परवा मले खोकला झाला म्हणून गेलो. त्यानं काच पाहिली आणि माझ्या सात पिढ्या काढल्या. म्हणजे मी अजून जगणार. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी मी स्टुलावरून उठलो नाही.

"एक कप चहा पाज ना, डॉक्टर," म्हटलं.

त्यानं शिवी हासडली, पण हळूच.