लोंबती वायर

इस्पितळाचं कॉम्प्युटर नेटवर्क ते सांभाळत, आणि सगळे त्यांना वायरकाका म्हणत. वायर लोंबताना दिसली की काकांचं डोकं फिरायचं. प्रत्येक मजल्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता: ‘लोंबती वायर दिसली, की लगेच खोचा.’ लोक हसायचे, पण खोचायचे.

काकांना खरा घोर वेगळाच होता. कॅमेरे, कॅन्टीन, पाहुण्यांचे मोबाइल आणि पेशंटच्या उशाशी असलेली मशीन, सगळं एकाच नेटवर्कवर. एका खोलीत शंभर जण बोलायला लागले तर आजाऱ्याचं कण्हणं कोणाला ऐकू येणार? हे त्यांनी मोठ्या साहेबांच्या तीनदा कानावर घातलं.

“चाललंय ना? मग कशाला उगाच हात लावता?”

शेवटी एकदाची परवानगी मिळाली. काकांनी पहिल्या मजल्याचं नेटवर्क वेगळं केलं, मग दुसऱ्याचं. तिथले स्क्रीन न अडकता भराभर चालायला लागले. तिसरा सोमवारी करायचा होता, आणि शनिवारी त्यांची मोठी बहीण, अक्का, नेमकी तिसऱ्यावर भरती झाली. दोन दिवसांचाच तर प्रश्न, असं त्यांनी मनाला समजावलं.

रविवारी सकाळी ते तिसऱ्यावरच्या सिस्टरच्या टेबलाशी आले. इथल्या स्क्रीनवर सगळ्या खाटांची नाडी दिसायची, म्हणून उशाच्या मशीनचा आवाज बंदच ठेवत.

“अक्का कशी आहे?”

“झकास. हे बघा, बहात्तर. मघापासून हललेली नाही.”

काका स्क्रीनवर वाकले. जित्या माणसाची नाडी हलतेच. स्क्रीनवरचं घड्याळ नऊ दहाला थांबलं होतं. भिंतीवर साडेनऊ झाले होते.

“सिस्टर, आधी खाटेकडे पळा. हा स्क्रीन अडकलाय.”

ते टेबलाखाली शिरले. एकाच वायरची दोन्ही टोकं नेटवर्कच्या एकाच डब्यात खोचलेली होती. तेच ते निरोप गोल गोल फिरत, वाढत, अख्खा मजला तुंबवून बसले होते. खालच्या दोन मजल्यांना धक्काही लागला नव्हता.

त्यांनी टोक उपटलं. बहात्तर गेलं आणि आडवी रेघ आली.

“ही कोणी खोचली?”

“मीच,” झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या. “लोंबत होती. तुमचाच कागद वाचला, काका.”

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. “वीस मिनिटं आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या.”

काका भिंतीवरचा कागद नखाने खरवडू लागले. त्यांनीच घट्ट चिकटवला होता, तो निघेना.