यंत्रमानवाला कोणी सांगितलं नाही

शाळेत मुलांना शिकवायला म्हणून मी एक जुनी इंग्रजी विज्ञानकथा काढली होती, आणि त्या चैत्रात तीच मायला दुपारी सांगत बसायचो. माय म्हणजे माझी आई, ऐंशी ओलांडलेली. नजर गेल्यामुळे वाचणं सुटलं होतं, पण गोष्टीची भूक तशीच होती. तापीकाठच्या आमच्या गावात दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही, मग दुसरं करणार तरी काय.

कथेतला यंत्रमानव एका एकट्या माणसाकडे घरकामाला असतो.

"भूक लागस का त्याले?" मायने विचारलं.

"नही, माय."

"मंग बरा शे. तुन्हा बापले असा गडी कधी भेटना नही."

मी हसलो खरा, पण त्या दिवसांत मायसमोर हसायचीही भीती वाटायची. सुरतेला राहणारा माझा मोठा भाऊ पौषात अचानक गेला होता, आणि मायला ते सांगितलेलं नव्हतं. तिचं हृदय कमकुवत, डॉक्टर म्हणाले धक्का नको. भाऊबंद बसले, काका म्हणाले, "तिना जीवपेक्षा काय मोठं शे?" आणि ठरलं. भावकीचं एकदा ठरलं की आमच्याकडे ब्रह्मदेवही ते बदलू शकत नाही. मला राग आला होता, अजूनही येतो. सुरतेहून क्रियाकर्म आटपून आलो, पण माय डोक्यावरून हात फिरवते म्हणून डोकं भादरलं नाही. दारावर येणारी माणसं परस्पर काकांच्या ओट्यावर बसवली. दादासाठी मला स्वतःच्या घरात रडता आलं नाही.

मायला सांगितलं, दादा कामासाठी परदेशात गेलाय, तिथून फोन लागत नाही. तरी तिची चुळबुळ थांबेना. तेव्हा पुतण्याने डोकं लढवलं. दादाने पूर्वी मायला पाठवलेले बोलके निरोप दादाच्याच मोबाइलमध्ये होते. त्यातला एकेक तो मला पाठवायचा आणि मी मायच्या कानाशी लावायचो. "माय, जेवन व्हयनं का?" असं दादा विचारायचा. माय मोबाइललाच उत्तर द्यायची, आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचो.

एका दुपारी आलेला निरोप मी आधी न ऐकताच लावला. बाहेर झळा लागत होत्या आणि दादा सांगत होता, "भलती थंडी पडी ऱ्हायनी माय, कानले रुमाल बांध."

मी घाईने मोबाइल बंद केला. मायने पदराने मानेवरचा घाम टिपला. "तुन्ही गोष्ट सांग," ती म्हणाली. "मंग काय व्हयनं?"

मी सांगितलं. मालक परगावी जातो आणि तिकडेच मरतो. यंत्रमानव रोज संध्याकाळी त्याच्या आंघोळीचं पाणी तापवतो, ते निवलं की ओतून देतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवतो. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं.

"त्याले कोनीच सांगं नही का रे?"

"यंत्र शे माय ते. त्याले काय कळस?"

"कळस नही म्हनीसन वाट देखत बसाडानं का त्याले?"

वर्गात मी ही कथा यंत्राची म्हणूनच शिकवली होती. शेजाऱ्यांकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

पुढे आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर भरून पुजतात. बायकोने वडिलांची घागर मांडली. दादाची काकांच्या घरी गुपचूप भरायचं ठरलं होतं. माय भिंत धरत धरत आली आणि घागर हाताने चाचपून उभी राहिली.

"आजून एक लयी ये," ती मला म्हणाली. "मन्हा मोठा आंडोरनी, तुन्हा दादानी."

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत?

"तू सुरतथून उना तवयपासून. तुन्हा आवाजवरथून समजनं." ती सावकाश खाली बसली. "तुमना जीवले लागी, म्हनीसन मी सांगं नही."