हात न लावता पेटलेली शेगडी

मी अकरा वर्षं वाफेच्या इंजिनावर फायरमन होतो आणि त्यानंतर ड्रायव्हर. भुसावळच्या शेडमधल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, माझ्या इंजिनाचं प्रेशर कधी पडलं का म्हणून. चढ असो, लांबलचक मालगाडी असो, काटा हलायचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची फजिती वाचून लोक म्हणतील, या म्हाताऱ्याला कोळशातलं काय कळतं? अहो, कळत होतं म्हणून तर घोळ झाला!

दोन हजार चार सालच्या डिसेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवरा-बायको अमेरिकेला गेलो. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांची मुलं क्युपर्टिनो नाहीतर प्लेनो अशा कॉम्प्युटर कंपन्यांच्या शहरांत. आमचीच तेवढी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, कोळशाच्या जुन्या खाणींच्या एका लहानशा गावात. तिथल्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ती नोकरीला होती. जावई घरूनच काम करायचे. दोघांनी एक जुनं लाकडी घर विकत घेतलं होतं आणि बाहेर गुडघाभर बर्फ होता.

मी त्या खेपेला एक गोष्ट मनाशी ठरवून गेलो होतो. माझी मुलगी जन्मली तेव्हा मी खांडव्याकडे मालगाडीवर होतो. बातमी मिळून घरी पोचायला तिसरा दिवस उजाडला. शेडमधून तडक घरी धावलो, कोपरापर्यंत काळा. दारातच आईनं अडवलं, "आधी हात धू." धुतले. साबणानं धुतले, राखेनं घासले, पण कोळसा नखांत आणि बोटांच्या भेगांत बसलेला, तो कुठला निघतोय! आई म्हणाली, बाळाच्या दुपट्याला लागेल, लांबूनच बघ. मी लांबूनच बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ड्युटीवर गेलो. पुढे पोर बोलायला लागल्यावर तिनंही तेच धरलं. मी हात पुढे केले की म्हणायची, "बाबा, आधी हात." तिचं काय चुकलं? पण मला ते लागायचं. म्हणून ठरवलं होतं, या बाळाच्या वेळी मी घरात हजर असेन, घर छान ऊबदार असेल, आणि स्वच्छ हातांनी मी बाळाला घेईन.

आम्ही पोचलो आणि चौथ्या दिवशी घर गरम करणारा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं येऊन डोकं हलवलं आणि सांगितलं की पार्ट यायला तीन आठवडे लागतील. मुलीचे दिवस भरत आलेले. जावयांनी विजेचे दोन हीटर आणले, पण त्यांच्यासमोर बसलं तर गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची. घरातला थर्मामीटर त्यांच्या फॅरनहाइटमध्ये चोपन्नावर, म्हणजे आपल्या बारा अंशांवर, अडकला होता. आमची ही दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून डिंकाचे लाडू वळत होती.

मी बेसमेंटमध्ये उतरलो तर कोपऱ्यात एक जुनी लोखंडी शेगडी. चांगली कमरेएवढी उंच, पुढे काचेचं दार, खाली राखेचा ट्रे, आणि शेजारच्या लाकडी कप्प्यात आधीच्या मालकानं टाकून दिलेला मणांनी कोळसा. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. वर येऊन मी जाहीर केलं, "काही काळजी करू नका. मी असताना या घरात थंडी? शक्यच नाही."

जावयांनी माणूस बोलावून चिमणी साफ करून घेतली, भिंतीवर विषारी वायूचा अलार्म लावला आणि म्हणाले, "बाबा, आता ऑल युवर्स."

आता आमची रेल्वेतली शिकवण ऐका. कोळसा थोडा थोडा टाकायचा, पण वरचेवर. थर पातळ ठेवायचा. लांब सळईनं आग सारखी मोकळी करत राहायचं. फायरमननं हात थांबवला की वाफ पडली. मी अगदी तस्सं केलं. खाली कागद, वर लाकडं, त्यावर दोन फावडी कोळसा. लाकडं धडाडून पेटली, कोळसा लालसर झाला, मी सळईनं ढवळला, आणि तो काळा पडला. पुन्हा पेटवली. पुन्हा ढवळलं. पुन्हा काळा! तीन दिवसांत पाच वेळा शेगडी विझली. ही जिन्याच्या वरच्या पायरीवरून विचारायची, "अहो, सुटली का गाडी?" मी म्हणायचो, "सिग्नल नाही मिळाला." मग ती हसत परत जायची आणि मी त्या शेगडीला अस्सल भुसावळी शिव्या द्यायचो. अर्धवट जळालेला कोळसा बादलीत भरून अंगणातल्या निसरड्या बर्फावर टाकायचो, कारण पाय घसरू नये म्हणून तिथं सगळेच राख तशी टाकतात.

चौथ्या दिवशी सकाळी मुलीला कळा सुरू झाल्या. ही आणि जावई तिला घेऊन हॉस्पिटलला गेले. दुपारी हिचा फोन आला, "नात झाली हो! दोघी छान आहेत." मी खुर्चीत बसून ढसाढसा रडलो, सांगायला कसली लाज. मग जावयांनी फोन घेतला. "बाबा, मी हॉटेलमध्ये रूम बुक केलीय. उद्या दुपारी डिस्चार्ज मिळाला की डायरेक्ट तिकडेच जाऊ. एवढ्या थंडीत बाळाला घरी आणणं रिस्की आहे."

त्यांचं काही खोटं नव्हतं. पण माझी नात पहिल्यांदा हॉटेलच्या खोलीत जाणार? आणि खाली मणांनी कोळसा असताना, घरात एक फायरमन असताना? मी म्हणालो, "जावईबापू, उद्या सकाळपर्यंत थांबा. घर तापलं नाही तर हॉटेलसाठी सामान मी स्वतः भरेन." ते बिचारे हो म्हणाले.

बोलून तर बसलो. आता करू काय? बादली रिकामी करायला बाहेर गेलो तर शेजारचे म्हातारबाबा माझ्या राखेत वाकून काहीतरी वेचत होते. ऐंशीच्या घरातला माणूस, कानावर ओढलेली टोपी, लालभडक नाक. त्यांनी एक कोळसा उचलून माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "हा चांगला कोळसा का फेकताय?" माझं इंग्रजी गार्डाशी बोलण्यापुरतं. मी एवढंच म्हणालो, "फायर नो. बेबी टुमारो." ते तसेच माझ्यामागून बेसमेंटमध्ये उतरले.

शेगडीत डोकावून ते खो खो हसायला लागले. मला असा राग आला! मी पाकिटातला फोटो काढून त्यांच्या नाकासमोर धरला. इंजिनाच्या दारात मी, हातात फावडं, डोक्याला रुमाल. त्यांनी तो फोटो खिडकीच्या उजेडात नेऊन बराच वेळ बघितला आणि टोपीला दोन बोटं लावून मला सलाम केला. मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून समजावलं. त्यांचे वडील आणि आजोबा इथल्याच खाणीत होते. तुमचा इंजिनाचा कोळसा मऊ, तो पटकन पेटतो, त्याला सारखं हलवावं लागतं. हा इथला कोळसा कठीण. याचा थर जाड लागतो, हवा फक्त खालून लागते, आणि एकदा पेटायला लागला की वरून अजिबात डिवचायचा नाही. ते म्हणाले, "इंजिनाला घाई असते. हिला घाई नाही."

आम्ही नव्यानं सुरुवात केली. कागद, काटक्या, मग जाड लाकडं, त्यांचा चांगला निखारा झाल्यावर कोळशाचा पहिला थर. खालचं राखेचं दार उघडं. पाच मिनिटं गेली. माझा हात आपोआप सळईकडे. म्हातारबाबांनी माझ्या मनगटावर चापट मारली! आणखी पाच मिनिटांनी माझा हात पुन्हा सळईवर. तेव्हा त्यांनी मला लाकडी खोक्यावर बसवलं आणि खुणेनं सांगितलं, दोन्ही हात मांडीखाली घाला. स्वतःही शेजारी तसेच बसले. दोन म्हातारे मांडीखाली हात घालून शेगडीकडे टक लावून बसलेत, कोणी बघितलं असतं तर वेड्यांत काढलं असतं.

कोळसा काही दाद देत नव्हता. काळाच्या काळा. माझ्या जिवाची नुसती तगमग चाललेली. मग तडतड असा बारीक आवाज झाला आणि कोळशाच्या फटींतून निळ्या ज्योती वर आल्या. धूर नाही, भडका नाही, फक्त निळ्या ज्योती. जन्मभर लाल-पिवळी आग बघितलेला मी, असली आग मी कधी बघितली नव्हती. मी उठून उडी मारणार होतो, पण त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता काठोकाठ भरा." काठोकाठ? इंजिनात अशी आग दाबली असती तर ड्रायव्हरनं मला चालत्या गाडीतून खाली ढकललं असतं! पण भरली. एका कोपऱ्यात ज्योत दिसत राहील एवढी जागा ठेवून बाकी सगळी भरली. खालचं दार लावलं, त्यातली हवेची चकती थोडी उघडी ठेवली, आणि पुन्हा मांडीखाली हात.

छताच्या जाळीतून ऊब वर जायला लागली. मी दर अर्ध्या तासानं वर जाऊन थर्मामीटर बघून यायचो. अठ्ठावन्न. बासष्ट. सहासष्ट. मी जिन्यावरूनच आकडा ओरडायचो आणि म्हातारबाबा खालून टाळी वाजवायचे. सत्तरला मी त्यांना डिंकाचे चार लाडू खायला घातले. त्यांनी दोन आणखी मागून घेतले.

आणि एक सांगतो. त्या दुपारी पेटलेली ती शेगडी मार्चअखेर आम्ही परत निघेपर्यंत विझली नाही. बॉयलरचा पार्ट आला, बसला, तरी कोणी त्याचं बटण दाबलं नाही. सकाळ-संध्याकाळ मी खालचा दांडा हलवून राख पाडायचो, काठोकाठ कोळसा भरायचो आणि बाजूला व्हायचो. अख्ख्या हिवाळ्यात दुसरी काडी ओढावी लागली नाही. आहे कोणाची टाप!

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई बाळाचे कपडे न्यायला आले. दारात जाकीट काढलं. दिवाणखान्यात येईपर्यंत स्वेटर काढला. थर्मामीटरसमोर उभे राहून त्यांनी डोळे चोळले, त्यावर टिचकी मारून बघितली, आणि खिशातून फोन काढला. हॉटेलशी बोलून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "कॅन्सल केलं, बाबा." मी त्या भल्या माणसाला अशी मिठी मारली की त्यांच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली.

दुपारी गाडी दाराशी आली तेव्हा मी नेमका बेसमेंटमध्ये राख काढत होतो. वाटलं होतं त्याआधीच आले सगळे. मी धडपडत जिना चढलो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि ही दारातून आत आल्या आल्या कानटोपी काढून म्हणाली, "अगंबाई! सुटली वाटतं गाडी!" तिच्यामागून मुलगी आली, थकलेली, हसरी, छातीशी पांढरं दुपटं. तिनं जागच्या जागी उभं राहून डोळे मिटले आणि ती ऊब अंगावर घेतली.

मी तिच्याकडे दोन पावलं टाकली आणि माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत काळे. इतकी वर्षं घोकलेलं सगळं मी ऐन वेळी विसरलो होतो. मी बेसिनकडे वळलो.

"बाबा, कुठे चाललात?"

"आलो गं. आधी हात धुतो."

"असू द्या, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आधी घ्या तिला."

आणि तिनं बाळ माझ्या हातांत दिलं. बाळ कसलं, मूठभर होती ती. जांभई दिली आणि माझ्या काळ्या तळव्यावर डोकं टेकून झोपून गेली. त्या पांढऱ्या दुपट्यावर माझी पाचही बोटं उमटली. ही ओरडली, "अहो, डाग पडले की! दे गं इकडे ते दुपटं, लगेच भिजत घालते."

"नाही, आई," मुलगी म्हणाली. "ते धुवायचं नाहीये."